उस्ताद आणि पोपड्यांचा धंदा

४ मार्च, सोमवार

डॉक्टर म्हणाले, बोलायचं नसेल तर निदान लिहा. मी म्हटलं, माझी छाती बिघडलीय, जीभ नाही. त्यावर ते माझ्याकडे न बघता बायकोकडे बघून हसले. घरी येताना हिनं ही वही घेतली. वहीवर फुलपाखरू आहे. सगळी हयात गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकण्यात आणि त्यांना रंग मारण्यात गेली, आणि आता फुलपाखराच्या वहीत मनातलं लिहायचं.

तर मनातलं असं. 'उस्ताद डेंटिंग पेंटिंग' हे माझं दुकान मी ऑक्टोबरात बंद केलं. रंगाचा फवारा छातीत जाऊन बसला होता. स्प्रे गनला पुन्हा हात लावलात तर माझ्याकडे येऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं. कॉम्प्रेसर विकला, हत्यारं खोक्यात घालून माळ्यावर टाकली, पाटी भंगारवाल्याला दिली. ही म्हणाली, "पाटी तरी ठेवा हो." मी म्हटलं, ठेवून काय करू, तिला दोन वेळ जेवायला घालू? आता तिथं मोबाइलची कव्हरं विकतात. भाजी आणायला जाताना मी सहज नजर टाकतो, एवढंच. ही म्हणते, भाजीवाला आपल्या दारातच बसतो, मग तिकडं कशाला जाता? दारातल्या भाजीवाल्याकडची भाजी मला आवडत नाही.

बाकी दिवसभर मी गॅलरीत खुर्चीवर बसतो. मजेत आहे. झालं मनातलं.

६ मार्च, बुधवार

मजेत नाही. घरात धंदा सुरू झालाय.

माझी मेव्हणी, म्हणजे हिची धाकटी बहीण, केक बनवून विकते. केक उत्तम असतो आणि तिचं तोंड त्याहून उत्तम चालतं. तिच्या गिऱ्हाईकांना म्हणे आता पार्टीत चकचकीत फुगे आणि झिरमिळ्या नकोत. त्यांना सगळं जुनाट पाहिजे. पन्नास वर्षं कुणाच्या तरी माळ्यावर पडून होतं असं दिसायला हवं. पण खर्च कमी. मग या दोघींनी डोकं चालवलं: जुनाट वस्तू भंगारात फुकटाच्या भावात मिळते आणि नवी वस्तू घरी जुनाट करता येते. पार्ट्यांची सजावट करायची, सामान परत आणायचं, पुढच्या पार्टीला पुन्हा न्यायचं.

बैठकीच्या खोलीत आज काय काय आहे ते लिहून ठेवतो, पुढेमागे पोलीस आले तर उपयोगी पडेल. जॅमच्या रिकाम्या बाटल्या, गळ्याला सुतळी बांधलेल्या. फळांची लाकडी खोकी. गोणपाटाचे पडदे. एक मोडकी शिडी, तिच्या पायऱ्यांवर म्हणे केक मांडणार. कुलूप हरवलेल्या दोन पत्र्याच्या बॅगा. काच नसलेली एक खिडकी. मी विचारलं, खिडकीतून काय दिसणार? मेव्हणी म्हणाली, "भावजी, तुमचं तोंड सोडून काहीही चालेल."

स्वयंपाकघरात कागद चहात भिजत घातलेत, पिवळे पडावेत म्हणून. मला चहा दिवसातून दोनदा, तोही अर्धा कप. कागदाला पातेलंभर.

७ मार्च, गुरुवार

आज एक नवीन विद्या बघितली. चांगल्या खोक्याला निळा रंग द्यायचा. वाळला की कडांवर मेणबत्ती घासायची. मग वरून पांढरा रंग. तो वाळला की पॉलिश पेपरनं घासायचं. मेण लावलेल्या जागचा पांढरा सुटतो, खालचा निळा दिसतो आणि खोकं पार दरिद्री दिसायला लागतं. मग दोघी एकमेकींकडे बघून टाळ्या वाजवतात.

मी सांगतो, असले पोपडे सुटलेली गाडी घेऊन लोक माझ्याकडे रडत यायचे. माझ्या दुकानातून ओरखडा राहिलेली एकसुद्धा गाडी कधी बाहेर पडली नाही. आणि माझीच बायको घरात बसून पोपडे तयार करते.

ही हल्ली विसरभोळी झालीय. पॉलिश पेपरची चवड माझ्या खुर्चीवर विसरून गेली. बघतो तर गोणी घासायच्या लायकीचा जाडा कागद. मी म्हटलं, "हा लाकडाला लावतेस? सालटं काढायचीत का?"

"मग कुठला घेऊ?"

"मला काय विचारतेस, मी घरी बसलेला माणूस."

मग सांगितला नंबर. तर दुकानातून नेमका चुकीचाच घेऊन आली. शेवटी मलाच जावं लागलं. दुकानदार म्हणाला, "उस्ताद! किती दिवसांनी!" मी म्हटलं, बायकोचं काम आहे. हातात कागद धरून बघितला, दोन-तीन प्रकार घासून बघितले. तासभर गेला असेल. तासभर फुकट.

११ मार्च, सोमवार

हिची विसरण्याची हद्द झाली. आज हातोडी आणि खिळे गॅलरीच्या उंबऱ्यात. मला ठेच लागली. शेजारी ती मोडकी शिडी. खाली टेकवली तर शिडी डुगडुगते. वर केक ठेवणार आणि तो कुणाच्या तरी डोक्यावर पडणार, नाव आमचं खराब. म्हणून नाइलाजानं शिडी दुरुस्त केली. त्यासाठी माळ्यावरून माझं खोकं काढावं लागलं. मेव्हणी बघून गेली, हिच्या कानात काहीतरी कुजबुजली आणि दोघी हसल्या. हसा म्हटलं. काम न येणाऱ्या माणसांना हसू लवकर येतं.

हिनं रंगकामाला तोंडावर लावायचा मास्क आणलाय. तिच्यापेक्षा दुप्पट मोठा. कानांवरून गळून पडतो. एवढी वर्षं संसार केला, या बाईला स्वतःच्या तोंडाचं माप माहीत नाही. वाया जाऊ नये म्हणून तो मी माझ्या खोक्यात ठेवला.

वरून डॉक्टरांना फोन करून विचारत होती, पाण्यात मिसळायच्या रंगाचा वास छातीला चालतो का? हिच्या छातीला काय धाड भरलीय? विचारलं तर म्हणते, "काळजी घेतलेली बरी."

आणि कपाटामागे चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक ठेवलंय. भंगारवाल्याकडूनच आणलेलं दिसतं, पत्र्याचा आवाज येतो. मी चादर उचलायला गेलो तर ही स्वयंपाकघरातून ओरडली, "त्याला हात लावायचा नाही!" बहुतेक आणखी एखादं दरिद्री टेबल असेल.

१५ मार्च, शुक्रवार

आज गिऱ्हाईक घरी आलं. मोठ्या चष्म्याची, भराभर बोलणारी बाई. पुढच्या शनिवारी तिच्या वडिलांचा पंचाहत्तरावा वाढदिवस. घरामागच्या अंगणात मेजवानी. वडील म्हातारपणी भलते तिरसट झालेत म्हणे. जुनं घर विकून ते मुलीकडे राहायला आले, तेव्हापासून त्यांना नव्या घरातली एकही वस्तू आवडत नाही. सोफ्यावर बसत नाहीत, पलंगाच्या कडेवर बसून राहतात. बाई म्हणाली, "एक दिवस तरी त्यांना आपल्या घरी बसल्यासारखं वाटू दे. एवढंच पाहिजे मला."

मग मला बघून म्हणाली, "हे कोण?"

मेव्हणी म्हणाली, "हे सामानातच आहेत."

बाई गेल्यावर ही माझ्याशेजारी येऊन बसली. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक खोली भाड्यानं मिळतेय, तिथं सामान राहील, रंगकाम होईल. मालकानं महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलंय. बाईच्या ऑफिसात वर्षभर समारंभ असतात. ही मेजवानी चांगली झाली तर ती सगळी कामं आपल्याला. नाही झाली तर बाटल्या परत भंगारात. सांगताना ती गॅलरीच्या कठड्यावरची धूळ बोटानं पुसत होती. "मला ती खोली पाहिजे हो," म्हणाली. मी विचारलं, "एवढं काय आहे त्यात?" तर म्हणे दोन मोठ्या खिडक्या समोरासमोर आहेत, हवा छान खेळते. खिडक्यांसाठी खोली घेणारी बाई मी पहिल्यांदा बघितली. पडद्यांचा खर्च वेगळाच.

पण तिनं लग्न झाल्यापासून माझ्याकडे 'मला पाहिजे' असं फार कमी वेळा म्हटलंय. ते डोक्यात राहिलं.

१९ मार्च, मंगळवार

एका बंद पडलेल्या कॅन्टीनच्या डझनभर लाकडी खुर्च्या आल्या. वेगवेगळ्या घाटाच्या, पण मजबूत. एक हातांची खुर्ची भंगारवाल्यानं वर दिली, ती म्हाताऱ्यासाठी. दोघी तीन दिवस राबतायत. निळा, त्यावर साय घातलेल्या दुधासारखा फिका रंग, मग घासाघाशी. मेव्हणीची बोटं सोलवटलीत. ही उठताना कमरेला हात लावते. मी एकदा म्हटलं, "आता पुरे करा," तर म्हणाली, "अजून बरंच बाकी आहे."

मी बघून आलो. खरंच बरंच बाकी आहे. एक खुर्ची धड नाही. सगळ्यांवर ठिकठिकाणी चट्टे.

२१ मार्च, गुरुवार

आज मी जे केलंय ते बघून दोघींची तोंडं कशी होतात, ते बघायला मी इथं दारासमोरच बसलोय.

सकाळीच दोघी त्या बाईचं अंगण मापायला गेल्या. मेजवानी परवावर आली. मी खुर्च्यांकडे बघितलं आणि मला त्या पोरींची, म्हणजे साठीला टेकलेल्या पोरींची, दयाच आली. बाटल्या, बॅगा, खोकी यांचं मी समजू शकतो. ती शोभेची चीज. पण खुर्चीवर माणूस बसतो. नवे कपडे घालून आलेल्या पाहुण्याला पोपडे सुटलेली खुर्ची द्यायची? उघड आहे, यांची घासाघाशी झाली, वरचा हात द्यायला वेळ उरला नाही आणि मला सांगायला लाजल्या. म्हटलं, चल उस्ताद.

खोकं काढलं. तो मोठा मास्क मला अगदी बरोबर बसला. खिडक्या उघडल्या. एकेका चट्ट्यात लांबी, म्हणजे पुट्टी भरली, वाळवली, गुळगुळीत केली, मग ब्रशनं तसाच दुधाळ रंग, तोही झटपट वाळणारा चमकदार. स्प्रेला हात लावला नाही, डॉक्टरांनी येऊन बघावं. ब्रशची एक रेघ दिसेल तर नाव बदलीन. म्हाताऱ्याच्या खुर्चीला तर मी जाड थर दिला, दोन हात. आज मला एकदाही खोकला आला नाही. गॅलरीत बसायचंच राहून गेलं.

डझनभर खुर्च्या ओळीनं उभ्या आहेत. आरशासारख्या. शोरूममध्ये सुद्धा अशा नसतील. जिन्यात आवाज येतोय. आल्या.

२१ मार्च, पुन्हा

ही दारात उभी राहिली. मग जवळच्या खुर्चीवर बसली. मी म्हटलं, "अगं, ओली आहे ती." तरी बसूनच राहिली.

मेव्हणी आधी 'आई गं' म्हणाली, मग भिंतीला टेकून खाली सरकली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. हसता हसता रडायला लागली की रडता रडता हसत होती ते मला कळलं नाही.

"पोपडेच पाहिजे होते भावजी. पोपड्यांचेच पैसे घेतो आम्ही. तीन दिवस तेच केलं."

मी म्हटलं, "मला वाटलं काम अर्धवट आहे."

"ते तसंच असतं," ही म्हणाली. आवाज अगदी हळू होता. तिनं ओरडायला पाहिजे होतं. ती ओरडते तेव्हा मला बरं वाटतं.

खोली गेली. मीच घालवली. आयुष्यभर काम येतं म्हणून मिरवलो आणि बायकोनं एक गोष्ट मागितली तिच्यावर रंग फासला. लाज वाटते.

२२ मार्च, शुक्रवार

सकाळी उठलो तर माझ्या खुर्चीवर पॉलिश पेपरची चवड. या वेळी बरोबर नंबरचा. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुम्ही केलंय, तुम्हीच निस्तरा." विसरलेली नव्हती तर. मग पहिल्या वेळीही विसरली नसेल का? विचार करायला वेळ नव्हता.

मेव्हणीनं एक खुर्ची घेतली आणि मांजरासारखी कुठंही ओरबाडायला लागली. माझ्यानं बघवेना.

"हे काय करतेस? पाठीच्या मधोमध कोण घासणार? तिथं खाज सुटली होती का खुर्चीला?"

"मग कुठं घासू? तुम्हीच सांगा, उस्ताद."

आणि मला एकदम सुचलं. सगळी हयात मी रंग कुठं जातो हेच तर बघत आलो. दरवाजाच्या कडेला अंगठी लागते. मडगार्डवर आतून पाणी बसतं. ड्रायव्हर खिडकीत कोपर ठेवतो तिथला रंग सगळ्यात आधी जातो. गाडी बघून मी सांगायचो, मालक आळशी आहे की रागीट. पोपडे माझ्याइतके कुणी बघितलेत? शत्रू म्हणून बघितले, पण बघितले.

आधी सगळी चकाकी पाणी लावून घासून मारली. मग एकेका खुर्चीवर बसलो. ही पाय हलवणाऱ्या माणसाची: पुढच्या आडव्या दांडीवर टाचेनं झिजलेली. ही जेवताना मागं रेलणाऱ्याची: मागचे पाय खालून फुटलेले. ही एका बाईची, जी दर वेळी उठताना डाव्या हातानं पाठीचा कोपरा धरते, कारण उजव्या कडेवर मूल आहे. ही कुणालाच न आवडलेली, भिंतीला लावून ठेवलेली: फक्त मागून खरवडलेली. मी सांगत गेलो, त्या दोघी घासत गेल्या. दुधाळ रंगाखाली निळा, निळ्याखाली लाकूड. मेव्हणी म्हणाली, "भावजी, या खुर्च्यांची एकमेकींशी भांडणं आहेत का?" मी म्हटलं, आहेत, तू घासतेयस तिचं सगळ्यांशी.

दुपारपर्यंत सगळ्या झाल्या. राहिली म्हाताऱ्याची. मी प्रेमानं जो जाड थर दिला होता तो आतून ओलाच. घासला की कागदाला चिकटून चिंगमसारखा निघायचा. पुसून बघितलं, वाऱ्याला ठेवून बघितलं. काही होईना. नेमकी तीच खुर्ची, जिच्यासाठी बाईनं सगळा घाट घातलाय.

ही गॅलरीच्या दारात उभी होती. म्हणाली, "तुमची खुर्ची देता?"

"माझी? माझ्या खुर्चीला काय झालंय? चांगली आहे ती."

"एकदा उठून बघा तरी तिच्याकडे."

बघितलं. ऑक्टोबरात गॅलरीत ठेवली तेव्हा पॉलिश नीट होतं, मीच केलेलं. आता खुर्चीच्या उजव्या हाताच्या टोकाला पॉलिश पार गेलेलं. अंगठ्याएवढा खळगा, खालचं लाकूड गुळगुळीत, पांढरं पडलेलं. मी तिथं अंगठा घासत बसतो हे मला माहीतच नव्हतं. लाकूड झिजवायला माणसाला केवढा वेळ बसावं लागतं ते मला बरोबर कळतं, माझा धंदाच आहे तो. मी मजेत नव्हतो. एकाही दिवशी नव्हतो. आणि हे या बाईनं रोज खुर्ची पुसताना बघितलं असणार.

"घेऊन जा," मी म्हटलं. "पण परत आणा."

२४ मार्च, रविवार

कालची हकिगत. मी पण गेलो होतो. खुर्च्या उतरवायला कुणीतरी पाहिजे म्हणून.

अंगण बरं दिसत होतं, खोटं कशाला बोलू. खोक्यांची चवड, तिच्यावर बाटल्यांतली रानफुलं. काच नसलेल्या खिडकीत दोरीला म्हाताऱ्याचे तरुणपणचे फोटो लटकवलेले. शिडी डुगडुगली नाही. गोणपाट सुद्धा संध्याकाळच्या उन्हात घरंदाज वाटत होतं. सगळ्याचा खर्च ऐकला तर फुगेवाला झीट येऊन पडेल.

म्हाताऱ्याला मुलगी हाताला धरून घेऊन आली. तोंड असं की जणू दात काढायला आणलंय. "ही काय रद्दी मांडलीय?" पहिलं वाक्य. मला माणूस आवडला.

मुलगी म्हणाली, "बसा तरी बाबा." तो माझ्या खुर्चीकडे बघत राहिला. मग बसला. बसल्यावर त्याचा उजवा हात आपोआप टोकाला गेला, अंगठा खळग्यात टेकला आणि हळूहळू फिरायला लागला. मी हिच्या कोपराला धरलं होतं, ते नंतर लक्षात आलं. तिनंही सोडवून घेतलं नाही.

अंगठा तसाच फिरवत म्हातारा मुलीला म्हणाला, "आपली खुर्ची कुठं मिळाली गं तुला? मला वाटलं घराबरोबर तीही गेली."

चष्मेवाल्या बाईनं आमच्याकडे बघितलं, मग वडिलांकडे. "शोधली," म्हणाली. आणि चष्मा काढून पुसत बसली.

मग म्हातारा केक दोनदा खाऊन सगळ्यांना जुन्या घराच्या हकिगती सांगत राहिला, त्यातल्या निम्म्या थापा असाव्यात. पाहुणे खुर्च्यांवर बसले. पाय हलवणाऱ्याच्या खुर्चीवर खरंच एक पाय हलवणारा बसला, मी डोळ्यांनी बघितलं.

बाई हळूच माझ्याकडे आली. "खुर्चीच्या हाताचं टोक किती खरं दिसतं! कसं केलंत?"

मी म्हटलं, "बसून."

निघायच्या वेळी सामान आवरायला लागलो तर म्हातारा खुर्ची सोडेना. माझी खुर्ची कोण नेतोय, म्हणून काठी उगारली. बाई ओशाळली. मेव्हणी म्हणाली, "अहो, ती भाड्याची आहे." ही नुसती माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "राहू द्या. मला हल्ली बसायला वेळ नसतो."

हे तोंडातून कसं निघालं मला माहीत नाही. रस्ताभर ही टेम्पोच्या खिडकीबाहेर बघत होती. डोळ्यांत कचरा गेला म्हणाली. दोन्ही डोळ्यांत एकदम.

२ एप्रिल, मंगळवार

खोली मिळाली. बाईनं वर्षभराची कामं लावून दिली. तिच्या ऑफिसातल्या कुणीतरी खुर्च्यांबद्दल विचारलंय, घरातलं नवंकोरं जेवणाचं टेबल 'आजोबांच्या वेळचं' करून पाहिजे. वेडे लोक. मी टेबल बघून आलो. घरात तीन मुलं आहेत. त्यांची बसायची जागा विचारून घेतली, कुठं ताट आपटलं जाईल ते ठरवलं.

९ एप्रिल, मंगळवार

आज खोलीवर पहिला दिवस. दोन्ही खिडक्या उघडल्या. वारा इकडून येतो, तिकडून जातो, रंगाचा वास थांबत नाही. दोन टेबलं मांडलीत: एक बहिणींचं आणि एक जरा उंच. मी विचारलं, हे उंच कुणासाठी? मेव्हणी म्हणाली, "जिराफ येणार आहे." टेबल माझ्या कमरेला बरोबर लागतं. माझं खोकं त्यावर आधीच आणून ठेवलेलं होतं, मास्क वर.

मी काय ते समजलो. एवढा काही मी ठोंब्या नाही. उशीर लागतो, एवढंच.

मग ही म्हणाली, "बाहेर या जरा." कपाटामागची ती चादर तिनं आणली होती. मी म्हटलं, आलं वाटतं दरिद्री टेबल. चादर काढली तर माझी पाटी. 'उस्ताद डेंटिंग पेंटिंग. जुनं नव्यासारखं करून मिळेल.' मी भंगारवाल्याला दिली त्याच दिवशी ती त्याच्याकडे जाऊन परत घेऊन आली होती. इतके महिने माझ्यापासून लपवली. आणि खाली मोकळ्या पत्र्यावर तिनं स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवलीय: 'आणि नवं जुन्यासारखं.'

मनातलं लिहावं म्हटलं तर वही घरी होती. शेवटी म्हटलं, "अक्षर वाकडं आहे तुझं."

"असू दे."

पाटी दारावर लावली. उन्हात बघितलं तर अवस्था भयंकर. 'उस्ताद'मधल्या 'स्ता'ला पोपडे, कडेला गंज, एका कोपऱ्यात जुना पोचा. असली पाटी लावून बसणाऱ्या रंगाऱ्याकडे कोण येईल? मी गुपचूप शिडी लावली, रंग कालवला आणि ब्रश घेऊन वर चढलो.

"हात लावाल तर याद राखा!" आतून आवाज आला. या बाईला भिंतीपलीकडचंही दिसतं.

मी वर उभा राहून पाटीकडे बघितलं. रंग जिथं गेलाय तिथं पाऊस कुठल्या बाजूनं यायचा ते दिसतं. पोचा पडला त्या दिवसाची आठवण आहे, एका गाडीवाल्यानं मागं घेताना ठोकली होती आणि वर मलाच शिव्या दिल्या होत्या. खालच्या कडेला मी रोज सकाळी शटर उघडताना हात टेकायचो, तिथं पत्रा उघडा पडलाय. कुणी कितीही घासून असं करून दाखवावं. मला सुद्धा जमणार नाही.

खाली उतरलो, ब्रश धुतला, शिडी आत घेतली. त्या तीन मुलांच्या घरचं जेवणाचं टेबल यायची वेळ झाली होती.